दाताचं चित्र आणि दाताचा भास
सीबीसीटी स्कॅनची प्रतिमा 'चांगली' कधी म्हणायची?



या अंकासाठी मंडळात ठरलं की प्रत्येकाने अभ्यासक्रमाबाहेरचा एक विषय घ्यायचा आणि शेजारच्या बाकावरच्याला कळेल अशा मराठीत लिहायचा. मी साहित्याची विद्यार्थिनी, आणि विषय घेतला दातांच्या थ्रीडी स्कॅनचा. माझी चुलत बहीण बेळगावात बीडीएसची इंटर्नशिप करते आहे. नावं काढून टाकलेले बरेच स्कॅन तिने मला संगणकावर उघडून दाखवले आणि माझ्या बाळबोध प्रश्नांना न वैतागता उत्तरं दिली. त्यातून जे समजलं ते इथे क्रमाने मांडते.

या स्कॅनचं पूर्ण नाव कोन बीम कम्प्युटेड टोमोग्राफी, म्हणजेच सीबीसीटी. इम्प्लांट बसवायचं असेल, अक्कलदाढ नसेजवळ अडकली असेल किंवा रूट कॅनल करूनही दात दुखत असेल, तर डॉक्टर हा स्कॅन करायला सांगतात. रिपोर्ट हातात आला की आपला पहिला प्रश्न असतो, "क्लिअर आलाय ना?" या लेखात त्या 'क्लिअर' शब्दाचा अर्थ लावायचा आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकते. ज्या प्रश्नासाठी स्कॅन काढला, त्याचं उत्तर मिळण्यापुरती स्पष्ट आणि त्यासाठी लागतील तेवढेच क्ष-किरण वापरणारी प्रतिमा ती चांगली प्रतिमा. तिचं देखणेपण हा वेगळा विषय. आणि हा फरक लक्षात आला नाही, तर राहू शकणारा दात काढला जाऊ शकतो.

१. प्रतिमा तयार कशी होते?

विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. साध्या एक्स-रेमध्ये किरण एका बाजूने जातात आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. सावलीची अडचण आपल्याला माहीत आहे: पुढचं आणि मागचं एकावर एक येतं. दाढेला दोन किंवा तीन मुळं असतात, ती एकमेकांच्या आड जातात.

यावर उपाय म्हणजे अनेक बाजूंनी सावल्या घ्यायच्या आणि गणिताने आतली वस्तू शोधून काढायची. सीटी स्कॅनची ही कल्पना प्रत्यक्षात आणल्याबद्दल गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं. पुढे १९८४ मध्ये फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस या तिघांनी शंकूच्या आकाराच्या किरणझोतासाठी हिशोबाची एक सोपी रीत मांडली. गंमत म्हणजे हे तिघे फोर्ड या मोटार कंपनीच्या संशोधन विभागात होते. दातांसाठीचं यंत्र इटलीतल्या व्हेरोनात तयार झालं आणि त्यावरचा शोधनिबंध १९९८ मध्ये आला. त्याच सुमारास जपानमध्येही स्वतंत्रपणे असं यंत्र बनवलं गेलं.

यंत्राचं काम असं चालतं. आपण हनुवटी टेकवून बसतो किंवा उभे राहतो. डोक्याभोवती एक हात फिरतो, त्याच्या एका टोकाला क्ष-किरणांची नळी आणि समोरच्या टोकाला किरण टिपणारा चौकोनी पडदा. यंत्राप्रमाणे अर्धा किंवा पूर्ण फेरा होतो. बहुतेक वेळा दहा-वीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात शेकडो सावल्या टिपल्या जातात. मग संगणक त्या सगळ्यांचा हिशोब करून जबड्याचा एक ठोकळा उभा करतो.

तो ठोकळा बारीक घनांचा बनलेला असतो. मोबाइलच्या फोटोत पिक्सेल असतो, तसा इथे व्हॉक्सेल. प्रत्येक व्हॉक्सेलला करड्या रंगाची एक छटा मिळते. यंत्र आणि सेटिंगप्रमाणे व्हॉक्सेलची बाजू साधारण ०.०७५ ते ०.४ मिलिमीटर असते. ५ सेंटीमीटर बाजूचा ठोकळा ०.१ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलनी भरला तर साडेबारा कोटी व्हॉक्सेल होतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. स्क्रीनवर आपण पाहतो तो दाताचा फोटो नसतो. शेकडो सावल्यांवरून संगणकाने लावलेला तो अर्थ असतो. सावल्यांत काही बिघाड असेल, तर अर्थातही बिघाड येतो, आणि तो बिघाड तितक्याच ठामपणे स्क्रीनवर दिसतो.

२. गुणवत्तेच्या चार बाजू

(अ) बारकावा

दोन जवळच्या गोष्टी वेगळ्या दिसतात का, हा बारकाव्याचा प्रश्न. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. व्हॉक्सेल ०.४ चा घेतला तर तो पडदा आणि शेजारचं हाड एकाच घनात येतात. संगणक दोघांची सरासरी छटा देतो आणि पडदा पुसट होतो.

मग व्हॉक्सेल लहान घेतला की झालं, असं वाटेल. पण व्हॉक्सेलचा आकार म्हणजे खरा बारकावा नाही. नळीतून किरण निघतात ती जागा किती मोठी आहे, पडद्याची क्षमता किती, गणिताने कुठे गुळगुळीत केलं आणि पेशंट किती हलला, हे सगळं त्यात मिसळतं. ०.१ चा व्हॉक्सेल घेतला म्हणून ०.१ मिलिमीटरची भेग दिसेलच, असं नाही. तोंडात छोटी फिल्म किंवा सेन्सर ठेवून काढलेला साधा एक्स-रे बारकाव्यात सीबीसीटीपेक्षा आजही सरस आहे. सीबीसीटीची ताकद वेगळी: ती मुळांना एकमेकांच्या आडून बाहेर काढते.

(आ) खरखर

इंग्रजीत याला नॉइज म्हणतात. शब्दकोशात 'गोंगाट' सापडतो, पण मला रेडिओची 'खरखर' जास्त जवळची वाटते. प्रतिमेवर वाळू भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात, ती ही खरखर.

ती येते कशी? पाऊस सुरू होतो तेव्हा अंगणातल्या एका फरशीवर चार थेंब पडतात, शेजारच्या फरशीवर नऊ. पाऊस दोन्हीकडे सारखाच आहे, पण थेंब कमी असल्यामुळे फरक मोठा दिसतो. जोराची सर आली की सगळं अंगण सारखं भिजतं. क्ष-किरणांचे कणही असेच विखरून येतात. कमी आले की प्रतिमा दाणेदार, भरपूर आले की गुळगुळीत.

पण हा पाऊस पेशंटच्या अंगावर पडतो आहे. आणि हिशोब महाग आहे: खरखर निम्मी करायची तर किरण चौपट लागतात. व्हॉक्सेलची बाजू निम्मी केली की त्याचं आकारमान एक अष्टमांश होतं. म्हणजे साध्या हिशोबात, प्रत्येक व्हॉक्सेलच्या वाट्याला पूर्वीइतकेच किरण यायचे असतील तर आठपट किरण सोडावे लागतील. बारकावा हवा, खरखर नको आणि डोसही कमी हवा, या तीन मागण्या एकाच वेळी पूर्ण होत नाहीत.

(इ) छटांमधला फरक

हाड पांढरं, हवा काळी, हे तर दिसतंच. पण हाडाजवळचा मऊ भाग आणि सूज यांच्यातला फरक सीबीसीटीत जवळजवळ दिसत नाही. त्याचं एक मोठं कारण म्हणजे विखुरलेले किरण.

पावसाळ्यात चोर्ला घाटातून रात्री गोव्याला गेलेल्यांना हे लगेच कळेल. धुक्यात हेडलाइटचा झोत मोठा केला की रस्ता जास्त दिसायला हवा, पण समोर सगळं पांढरं होतं, कारण प्रकाश धुक्यावर आपटून सगळीकडे पसरतो. सीबीसीटीचा रुंद शंकू डोक्यातून जातो तेव्हा असंच होतं. किरण सरळ रस्ता सोडून इकडे-तिकडे पसरतात आणि पडद्यावर भलत्याच जागी पोचतात, त्यामुळे छटा फिकट पडतात. हॉस्पिटलच्या सीटीत झोत पंख्यासारखा आणि पातळ असतो, म्हणून तिथे हा त्रास कमी.

याचा एक परिणाम पेशंटला माहीत असावा. हॉस्पिटलच्या सीटीत छटांना ठरावीक आकडे असतात: पाणी ० आणि हवा उणे १०००. सीबीसीटीच्या आकड्यांवर तसा भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे 'हाडाची घनता इतकी' असं केवळ त्या आकड्यावरून कुणी सांगितलं, तर जपून ऐकावं.

(ई) भास

इंग्रजीत आर्टिफॅक्ट. म्हणजे प्रतिमेत दिसतं, पण तोंडात नसतं. यासाठी मराठीत 'भास' हा शब्द मला अगदी योग्य वाटतो.

भासाची दोन मोठी कारणं आहेत. पहिलं म्हणजे हालचाल. फेरा चालू असताना डोकं जरासं हललं तरी सावल्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि हाडाच्या कडा दुहेरी दिसू लागतात. आवंढा गिळणं, मान सावरणं, फिरणाऱ्या हाताकडे बघायला डोकं वळवणं, एवढंही पुरतं. फेरा जितका लांब, तितकी हलण्याची शक्यता जास्त, म्हणजे 'हाय रेझोल्यूशन' सेटिंगमुळेही प्रतिमा बिघडू शकते. म्हणून यंत्रावर कपाळपट्टी आणि हनुवटीचा आधार असतो. पेशंटला आधी नीट समजावणं हा इमेज क्वालिटीचाच भाग आहे. माझी बहीण म्हणते, समोरच्याच्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, "थुंकी आताच गिळून घ्या, मग हलू नका" एवढं नीट सांगितलं की अर्धं काम होतं.

दुसरं कारण म्हणजे धातू. क्ष-किरणांच्या झोतात कमी आणि जास्त ताकदीचे किरण मिसळलेले असतात. धातूची कॅप, जुनी चांदी, इम्प्लांट किंवा मुळात बसवलेली धातूची पोस्ट लागली की कमकुवत किरण तिथेच अडतात आणि फक्त ताकदवान किरण पुढे जातात. संगणक मात्र झोत बदललाच नाही असं धरून हिशोब करतो, आणि धातूशेजारी काळे पट्टे उमटतात. धातू फारच जाड असेल तर पलीकडे किरण जवळजवळ पोचत नाहीत, मग तिथून पांढऱ्या-काळ्या रेघा फुटतात. स्कॅनआधी चष्मा, कानातलं, केसातली क्लिप, गळ्यातली क्रुसाची साखळी आणि कवळी काढायला सांगतात ते यासाठीच. जे काढता येत नाही, ते दातातच असतं.

३. एका काळ्या रेघेची गोष्ट

आता हे सगळं जिथे एकत्र येतं ते उदाहरण. माझ्या मावशीच्या खालच्या दाढेला रूट कॅनल झालेलं होतं, आत धातूची पोस्ट, वर कॅप. दाढ मधूनमधून ठणकायची. सीबीसीटी काढला. मुळाच्या आडव्या कापात पोस्टशेजारी एक काळी रेघ दिसली. 'मुळाला उभी भेग असण्याची शक्यता' असं पहिलं मत मिळालं.

हे शब्द साधे नाहीत. उभ्या भेगेचा दात बहुतेक वेळा वाचत नाही, तो काढावा लागतो. मग एक तर मोकळी जागा, नाही तर इम्प्लांटचा खर्च, आणि तिचं वय ६१. घरात चर्चा 'कधी काढायचा' इथपर्यंत येऊन पोचली होती.

दुसऱ्या डॉक्टरांनी तोच स्कॅन संगणकावर उघडला. त्यांनी काय काय पाहिलं, ते मी वहीत लिहून घेतलं.

एक: रेघ कुठून कुठे जाते? ती एका मुळातल्या धातूपासून निघून दुसऱ्या मुळातल्या भरावाच्या दिशेने सरळ जात होती, आणि मुळाच्या कडेवर न थांबता बाहेर हाडातही उमटली होती. दाताची भेग दाताबाहेर जाऊ शकत नाही. दोन दाट वस्तूंच्या मधला काळा पट्टा ही भासाची ओळखीची जागा आहे.

दोन: धातू संपल्यावर काय होतं? पोस्टच्या खालचे काप पाहिले, तिथे रेघ नव्हती.

तीन: आजूबाजूचं हाड काय सांगतं? भेग जुनी असेल तर तिच्या बाजूने हाड झिजतं. तसं दिसलं नाही.

चार: तोंड काय सांगतं? बारीक मोजपट्टीसारख्या हत्याराने हिरडीभोवती खोली मोजली. भेग असेल तर बऱ्याचदा एकाच जागी अरुंद आणि खोल खिसा लागतो. तोही नव्हता. मग दोन वेगळ्या कोनांतून साधे छोटे एक्स-रे घेतले.

"आत्ता काढण्याइतका पुरावा नाही, लक्ष ठेवू," असं त्या म्हणाल्या. कॅपची उंची थोडी घासली, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. दाढ आजही तोंडात आहे. भेग नाहीच हे त्यामुळे सिद्ध झालं, असं मी म्हणणार नाही. उलट्या बाजूचा धोकाही आहे: खरी भेग व्हॉक्सेलपेक्षा बारीक असेल तर ती सीबीसीटीत दिसतच नाही. म्हणून रेघ दिसली म्हणजे भेग आहे असं नाही, आणि रेघ नाही म्हणजे भेग नाही असंही नाही. प्रतिमा हा एक साक्षीदार आहे. बाकीच्या साक्षी घेतल्याशिवाय निकाल देता येत नाही.

काही यंत्रांत धातूचे भास पुसणारं सॉफ्टवेअर असतं. त्याने प्रतिमा डोळ्यांना स्वच्छ वाटते. पण भास पुसताना खरी भेगही पुसट होऊ शकते. दिसणं सुधारलं म्हणजे निदान सुधारलं, असं प्रत्येक वेळी होत नाही.

४. मग किती स्पष्टता पुरेशी?

याचं उत्तर प्रश्नावर अवलंबून आहे. वरच्या पहिल्या दाढेत लपलेला चौथा कॅनल शोधायचा असेल, तर लहान क्षेत्र आणि लहान व्हॉक्सेल लागतो. इम्प्लांटसाठी हाडाची उंची आणि नसेपासूनचं अंतर मोजायचं असेल, तर ०.२ ते ०.३ मिलिमीटर सहसा पुरतं, कारण डॉक्टर नसेपासून साधारण २ मिलिमीटरची सुरक्षित जागा सोडतातच. तिथे ०.०७५ चा हट्ट धरला तर पेशंटला जास्त किरण मिळतील, निर्णय मात्र बदलणार नाही.

सगळ्यात सोपा आणि दुहेरी फायद्याचा उपाय म्हणजे क्षेत्र लहान ठेवणं. एका दाताचा प्रश्न असेल तर ४-५ सेंटीमीटरचा ठोकळा पुरतो, संपूर्ण चेहरा नको. क्षेत्र लहान केलं की डोस कमी होतो आणि विखुरलेले किरणही घटतात, म्हणजे प्रतिमाही सुधारते.

डोसचा अंदाज यावा म्हणून: निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. तोंडातला एक छोटा एक्स-रे काही मायक्रोसिव्हर्टचा असतो. सीबीसीटी यंत्र, क्षेत्र आणि सेटिंगप्रमाणे दहा-वीसपासून काही शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जातो. घाबरून जावं असा हा आकडा नाही, पण उगीच घ्यावा असाही नाही. लहान मुलांचं शरीर किरणांना जास्त संवेदनशील असतं, त्यामुळे तिथे जास्त काटेकोर राहावं लागतं.

या क्षेत्रात पूर्वी 'अलारा' हे तत्त्व सांगत: डोस शक्य तितका कमी. २०१४ पासून 'अलाडा' हा शब्द रूढ होऊ लागला: निदानाला पुरेल इतपत कमी. बदल एका अक्षराचा, पण त्यात मोठं शहाणपण आहे. डोस इतका कमी केला की काहीच दिसेना, तर तो डोस फुकट गेला आणि स्कॅन पुन्हा काढावा लागला.

५. शेवटच्या टप्प्यात होणारं नुकसान

एवढं सगळं सांभाळून प्रतिमा तयार होते आणि मग आपण काय करतो? कागदावरच्या प्रिंटचा मोबाइलने फोटो काढतो आणि दुसऱ्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. कोट्यवधी व्हॉक्सेलमधले मोजके काप प्रिंटवर येतात, तेही कुणीतरी निवडलेले, आणि व्हॉट्सअ‍ॅप त्यांना आणखी दाबून लहान करतं. मावशीच्या प्रिंटवर ती रेघ होती. ती पुढे हाडात गेलेली आणि खाली नाहीशी झालेली कळायला काप सरकवावे लागले, आणि ते मूळ फाइलमध्येच शक्य होतं.

म्हणून घरच्यांसाठी चार गोष्टी लक्षात ठेवा:

• स्कॅन सांगितला की विचारा: यातून नेमका कोणता प्रश्न सुटणार आहे? साध्या एक्स-रेने तो सुटेल का?
• किती भागाचा स्कॅन हवा, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.
• प्रिंटबरोबर डायकॉम फाइल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागा आणि जपून ठेवा.
• दात काढण्याचा निर्णय फक्त एका रेघेवर होत असेल, तर आणखी काय तपासलं, हे नम्रपणे विचारा.

भारतात अशी यंत्रं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या परवान्याखाली चालवायची असतात आणि त्यांची ठरावीक मुदतीने गुणवत्ता चाचणी करावी लागते. परवाना आहे का, हे विचारायला संकोच नको.

साहित्याच्या वर्गात सर सांगतात की एखाद्या ओळीचा अर्थ लावताना मागची-पुढची ओळ पाहावी आणि आपल्याला जे हवं ते तिच्यात घुसडू नये. स्कॅन वाचतानाही हाच नियम आहे. तिथे चुकीचा अर्थ लावला तर गुण कापले जात नाहीत, दात जातो.

विचारासाठी प्रश्न

१. व्हॉक्सेल लहान केला की प्रतिमा नेहमी चांगली होते का? तीन वाक्यांत कारण द्या.
२. खरखर आणि भास यांत फरक काय? दोन्हींचं एकेक उदाहरण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून शोधा.
३. तुमच्या आजीला स्कॅनआधी 'हलू नका' हे का सांगतात, ते तिच्या बोलीत समजावून लिहा. उत्तरं मंडळाच्या पुढच्या बैठकीत वाचू.
४. 'नॉइज'साठी खरखर आणि 'आर्टिफॅक्ट'साठी भास हे शब्द मी वापरले. तुमच्याकडे याहून चांगले शब्द असतील तर जरूर कळवा.